प्रतिक्रियेला उत्तर: नऊ पिढ्या लागल्या, पण दुवे तपासले का?

"एआयने दोन तासांत माझ्या वंशावळीच्या नऊ पिढ्या लावून दिल्या, मूळ नोंद पाहण्याचा तुमचा आग्रह म्हणजे नव्या तंत्राची धास्ती आहे," असं तुम्ही लिहिलंत. धास्ती अजिबात नाही. शोधाच्या कामात या तंत्राने जे साधलंय, ते थक्क करणारं आहे. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेच्या नोंदी २०१२ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या, तेव्हा स्वयंसेवकांनी नावांची सूची हाताने केली आणि त्यात महिने गेले. १९५० च्या नोंदी १ एप्रिल २०२२ ला खुल्या झाल्या, त्या यंत्राने वाचलेल्या नावांच्या सूचीसकट. २०२४ पासून फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळावर हस्तलिखित खरेदीखतं, मृत्युपत्रं यांचा पूर्ण मजकूर शोधता येतो. जुन्या सूचीत बहुधा घेणारा-देणाराच असे. आता साक्षीदारही सापडतो, आणि साक्षीदार पुष्कळदा मेहुणा नाहीतर जावई निघतो!

अडचण वेगळीच आहे. पूर्वीची हस्ताक्षर वाचणारी प्रणाली चुकली की अक्षरांची खिचडी दिसायची, चूक लगेच कळायची. आजचं एआय मॉडेल अक्षर लागलं नाही तर संदर्भाला शोभेल ते लिहून मोकळं होतं. नेहमीच्या शब्दांना हे चालतं. पण १८७१ आणि १८७७ वाक्यात सारखेच शोभतात, आडनावांचंही तेच. १,५०० अक्षरांच्या पानावर ५ टक्के चूक म्हणजे ७५ अक्षरं, आणि नेमकी नावं-सालंच जास्त बिघडतात.

रजिस्टरच्या तक्त्यात तर रिकामा रकाना आला की खालचा मजकूर वर सरकतो आणि एकाचा बाप दुसऱ्याच्या मुलापुढे जाऊन बसतो. म्हणून एआयला अख्खं पान देऊ नका. दहा-पंधरा ओळींचा तुकडा कापा, प्रत्येक तुकड्याला रकान्यांच्या शीर्षकांची ओळ जोडा. "ओळीला ओळ ठेव, स्पेलिंग सुधारू नको, न लागलेल्या जागी प्रश्नचिन्ह दे," असं स्पष्ट सांगा. तोच तुकडा दुसऱ्या साधनाला द्या. जिथे दोघांत फरक, तिथे मूळ पानाचं स्कॅन केलेलं चित्र मोठं करून बघा. नाव, तारीख आणि नातं मात्र दोघांचं एकमत असलं तरी बघायचंच.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन नोंदींतला माणूस एकच आहे का, हे ठरवताना. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवलेलं अनेकदा आढळतं. यंत्र दोघांना एक करतं: जन्म थोरल्याचा, लग्न धाकट्याचं. लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या चाळीस वंशवृक्षांत तोच दुवा दिसला, तरी ते एकमेकांवरून उतरवलेले असतील तर पुरावा एकच. अशा ठिकाणी आधी त्या नावाची मृत्यूनोंद शोधा, मग भावंडांच्या जन्मांतलं अंतर आणि आईचं वय ताडून बघा.

तुमच्या नऊ पिढ्यांत अलीकडच्या टोकापासून सुरुवात करा. प्रत्येक व्यक्तीपुढे तिचे आई-बाप सांगणारी मूळ नोंद, तिचा पान क्रमांक आणि चित्र क्रमांक लिहा. जिथे ही जागा रिकामी राहील, त्याच्या वरच्या पिढ्या तूर्त वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.