‘त्यांनी आपल्याला शिकवायचं?’ : ‘जुना लेफ्ट-हाफ’ यांना उत्तर

काका (१९७३ची हॉकी विश्वचषकाची फायनल तुम्ही शाळेत असताना रेडिओवर ऐकलीत, म्हणजे काकाच म्हणायला हवं), तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा डोकं फिरलं. म्हणून उत्तराला आठवडा लावला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी इथल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनच्या, मुलीच्या क्लबातल्या काही मंडळींचं कौतुक केलं होतं. वापरलेल्या स्टिका गोळा करायच्या, सुट्टीत स्वखर्चाने झारखंडला नाहीतर आफ्रिकेत जायचं आणि तिथल्या पोरांना हॉकी शिकवायची, असा त्यांचा उद्योग. त्यावर ‘जुना लेफ्ट-हाफ’ या नावाने लिहिणाऱ्या खडकीच्या काकांनी लिहिलं : “आठ ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेल्या देशाला डच पोरं हॉकी शिकवणार आणि तू टाळ्या वाजवणार! पंधरा दिवस यायचं, गरीब पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे, मोडक्या स्टिका ठेवून निघायचं. आमचा धनराज पिल्ले कुठल्या पाहुण्याने घडवला? टर्फ द्या, बाकीचा तमाशा बंद करा.”

आधी स्टिकांचं घेऊ, कारण तिथे तुमचं म्हणणं जवळजवळ खरं आहे.

गेल्या महिन्यात क्लबाच्या पडवीत दोन मोठी खोकी भरून स्टिका आल्या. निवडायला आम्ही चौघं बसलो. कॉम्पोझिट, म्हणजे कृत्रिम धाग्यांची, स्टिक फुटलीय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ती फरशीवर उभी धरून हलकेच आपटायची. धड असेल तर टणक आवाज येतो, आत तडा असेल तर भद्द वाजते. अशा भद्द वाजणाऱ्या जवळजवळ एक तृतीयांश निघाल्या. उरलेल्या बहुतेक साडेछत्तीस इंची, मोठ्या माणसांच्या. आठ-दहा वर्षांच्या पोराला अठ्ठावीस ते बत्तीस-चौतीस इंच लागते. वरून कापून आखूड करतात काही जण, पण मग तोल बिघडतो, सगळं वजन खाली जातं आणि पोरगं मनगटाऐवजी खांद्याने मारायला शिकतं. एकदा लागलेली ती खोड सोडवायला दोन वर्षं जातात, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यातल्या कितीतरी लो-बो, म्हणजे ड्रॅग-फ्लिकवाल्यांसाठी (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात भिरकावणाऱ्यांसाठी) खाली वाकवलेल्या. ज्या पोराला अजून साधा पुश जमत नाही त्याच्या हातात ती देणं म्हणजे चालायला शिकणाऱ्याला उंच टाचांचे बूट घालणं. शिवाय या स्टिका ओल्या टर्फसाठी, म्हणजे पाणी मारलेल्या कृत्रिम गवतासाठी, बनवलेल्या. मुरुमावर महिनाभर घासल्या की टो, म्हणजे खालचं वळलेलं टोक, झिजून आतले धागे बाहेर येतात आणि तळहातात घुसतात.

आणि गंमत बघा, यातल्या बऱ्याच स्टिका मुळात जालंधर आणि सियालकोटमध्ये तयार होतात. तिथून युरोपात येतात, दोन हंगाम वापरल्या जातात आणि मग ‘मदत’ म्हणून पुन्हा भारतात जातात. त्याच भाड्यात जालंधरहून थेट तीस इंची नव्या घेता येतील. क्लबात मी हे बोललो. दोघांनी तोंडं वाकडी केली, कारण स्टिका गोळा करण्यात जो आनंद आहे तो पैसे पाठवण्यात नाही. तर काका, हा मुद्दा तुमचा.

फोटोंचाही तुमचाच. मी स्वतः एकदा दहा दिवस झारखंडच्या एका शाळेत गेलो होतो. बरोबर रंगीत कोन नेले, ड्रिल्स पाठ करून नेल्या. पोरांना मजा आली, मलाही आली. शेवटच्या संध्याकाळी सगळे फोटोला उभे असताना तिथले पीटीचे सर जवळ आले आणि हळूच विचारलं, “सर, कल से मैं क्या कराऊँ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा दिवसांत मी त्या माणसाशी तासभरही धड बोललो नव्हतो, सगळा वेळ पोरांत रमलो होतो. परत आल्यावर मी आठवड्याचं एक पान याप्रमाणे सराव लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवायला लागलो. सहाव्या आठवड्याला त्यांचं उत्तर आलं, ‘कोन चोरी हो गए, पत्थर से चला रहे हैं।’ त्या वर्षी हॉकीबद्दल मला आलेला तो सर्वांत चांगला निरोप.

पण ‘त्यांनी आपल्याला शिकवायचं?’ हे मला पटत नाही.

१९२८ साली आपण पहिलं सुवर्ण कुठे जिंकलं? आम्स्टरडॅमलाच, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. फायनलला समोर नेदरलँड्स, ३-० ने हरवलं. पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. त्याच्या थोडंच आधीपर्यंत डच लोक दोन्ही बाजूंनी मारता येणारी काठी आणि मऊ चेंडू घेऊन आपलंच काहीतरी वेगळं खेळत होते. ऑलिम्पिकसाठी त्यांनी ते सोडलं आणि पुढ्यात ध्यानचंद पाहिला. तेव्हा ‘हिंदुस्थानी आपल्याला शिकवणार?’ म्हणून ते रुसून बसले असते तर १९७३ला तुमचा रेडिओ रडला नसता. इथल्या वागेनर स्टेडियमवर २-० पुढे असताना आपण २-२ झालो आणि मग पेनल्टी स्ट्रोक्सवर हरलो. त्या स्टेडियमवरून मी रोज जातो, आणि खरं सांगतो, अजून टोचतं.

१९२८च्या त्या संघाचा कर्णधार जयपाल सिंग मुंडा हा आजच्या खूंटी जिल्ह्यातल्या टकरा गावचा (फायनलला तो मैदानावर नव्हता, तो वेगळाच किस्सा). आणि फ्लोरिस यान बोवेलांडर, १९९६च्या सुवर्णपदक विजेत्या डच संघाचा पेनल्टी कॉर्नरवाला, त्याच्या ‘वन मिलियन हॉकी लेग्ज’ या उपक्रमाचं काम टाटा ट्रस्ट्सबरोबर ज्या भागांत झालं त्यांत हेच खूंटी आणि शेजारचं सिमडेगा आहे. दहा लाख पाय म्हणजे पाच लाख पोरं, नाव जरा भपकेबाज आहे खरं. पण त्यांचा भर थेट पोरांना शिकवण्यापेक्षा शाळांतले शिक्षक आणि गावातले कोच तयार करण्यावर होता. मी दहा दिवसांत जे केलं नाही नेमकं ते.

त्यांच्या आधी तिथे काही नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये, मी मागच्या लेखात तसं सुचवलं असेल तर चुकलो. मिशनच्या शाळांमुळे हॉकी तिथे पिढ्यानपिढ्या आहे. खस्सी टूर्नामेंट असतात, जिंकलेल्या संघाला बोकड बक्षीस. बांबूची काठी घेऊन अनवाणी खेळणाऱ्या पोरी तिथे कुठल्याही पाहुण्याच्या आधीपासून आहेत. हेसल गावची निक्की प्रधान २०१६ला रिओला गेली. बडकीछापरच्या सलीमा टेटेने २०१८च्या युवा ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मुलींचं नेतृत्व केलं, रौप्य आणलं. त्या परदेशी माणसाने शोधल्या नाहीत.

धनराजचंही तसंच. खडकीत तुटक्या स्टिका बांधून तो खेळला, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्याला मुंबईला बोलावून घेणारा थोरला भाऊ रमेश होता, हे सांगायला विसरतो. रमेश नसता तर? खडकीच्या त्या वसाहतींतून तितकेच चांगले पण थोरला भाऊ नसलेले किती गेले, तुम्हीच मोजून सांगा. तुम्ही त्यांच्याबरोबर खेळला असाल.

माणूस गेला की खेळ कसा जातो याचं माझ्या डोक्यात एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या गोंयकारांचं आहे. नैरोबीत गोव्याची मंडळी आणि शीख, दोघांचे क्लब होते. कारकून, रेल्वेवाले, मास्तर लोक कचेरी सुटली की मैदानावर. कुणी पोरांना शिकवतोय, कुणी शिट्टी घेऊन अंपायर, कुणी रेषा मारतोय. पगार कुणालाच नाही. याच क्लबांच्या जोरावर केनिया १९६४ला टोकियोत सहावा आला आणि १९७१ला बार्सेलोनाच्या पहिल्या विश्वचषकात चौथा. त्या संघांत फर्नांडिस आणि डिसूझा किती होते ते बघा. मग राजकारण बदललं, माणसं इंग्लंडला आणि कॅनडाला गेली. केनियाचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये शेवटचा दिसला १९८८ला. मैदानं तिथेच होती की.

म्हणून टर्फबद्दल तुमच्याशी भांडतो. टर्फ हवंच, वाद नाही. पण पुण्यात बालेवाडीला टर्फ आहे, पिंपरीत नेहरूनगरला आहे. तिथे सकाळी सात वाजता दहा वर्षांची किती पोरं असतात, आणि त्यांच्यासमोर उभं कोण असतं?

इथे शनिवारी सकाळी या, दाखवतो. शनिवार पोरांचा, रविवार मोठ्यांचा. सगळ्यात छोटी तीन-तीन जणांत खेळतात, मग सहा-सहा, मग आठ-आठ, अकरा फार पुढे. बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते, तेव्हा छोट्यांना शिकवायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं-पोरी उभी असतात. माझ्या मुलीची कोच दात सरळ करायची तार लावून येते. त्याच वयात त्यांना अंपायरची परीक्षा देऊन शिट्टी हातात घ्यावी लागते. आणि आईबाप? मला या हंगामात चार वेळा क्लबाच्या बारमागे उभं राहून तळलेली बटाटी विकायची आहेत, दोनदा गाडी काढून पाच पोरांना बाहेरगावी न्यायचं आहे. नाव यादीत लागलेलं असतं, विचारत कुणी नाही. पहिल्या वर्षी मी एक पाळी चुकवली तर दंड भरावा लागला, वर एका आजीने झापलं. हा इथे पैसेवाल्यांचा खेळ आहे, वर्गणी अंगावर येते, तेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत लिहालच.

ती यादी भारतात नेणारा माणूस मला हवाय, खोकी नेणारा नकोय. आणि तो डच असायची काही गरज नाही. लेफ्ट-हाफला बसून बसून गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय.

डिसेंबरात मी तीन आठवडे पुण्यात आहे. मुलांच्या मापाचं गोलकीपरचं एक किट आणतोय : पॅड, किकर (बुटांवर चढवायचं जाड आवरण), हेल्मेट, छातीचं कवच. नवीन आहे, लहान आहे, फोटो काढणार नाही. विमानात तेवीस किलोंत ते बसवायचं म्हणून बायकोचं चीज कमी होणार, त्यावरून घरात वेगळी चर्चा चालू आहे. खडकीत हल्ली मुरुमावर कोण पोरं घेतं आणि किती वाजता, ते कळवा. क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभं राहणारं एखादं पोरगं तुमच्या माहितीत असेलच, त्याची उंचीही कळवा, म्हणजे किकरचं माप चुकायला नको.