‘न विचारता यादी उडवली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार नाना,

दुकानात नाना म्हणतो तसंच इथेही म्हणतो, नाव घेत नाही. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान वाढवताना वाचला. घरात कार्य तोंडावर असताना यादी गेली, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. ही माफी मनापासून आहे. पुढचं वाचून ती खोटी वाटू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय: ‘कॉम्प्युटर स्लो होता म्हणून दिला. दोन दिवस ठेवून घेतला. डिलीटचं बटण दाबायचे ३५० रुपये घेतले आणि न विचारता लग्नाची यादी उडवली. सावध राहा.’ आणि एक तारा.

दोन दिवस लागले, मान्य. पहिल्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती. ३५० रुपयांचं म्हणाल तर त्यात ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरची वाळून खपली झालेली पेस्ट बदलली. वैशाखात आपल्या अमळनेरला माणूस पंख्याखाली धापा टाकतो, तिथे बंद कपाटात ठेवलेला डबा काय करणार? पण पैशांवर मी वाद घालत नाही. तुम्हाला जास्त वाटले असतील तर वाटले.

‘न विचारता’ हा शब्द मात्र मला रात्रभर टोचला, नाना.

बुधवारी सकाळी ११:४२ ला मी तुम्हाला फोन केला होता. मोबाइलमध्ये तो कॉल अजून आहे, तीन मिनिटांचा. मी म्हणालो, सी ड्राइव्हला १०० जीबी दिलेत आणि त्यातले १.८ जीबी उरलेत, पट्टी लाल झालीय, विंडोजला श्वास घ्यायला जागा नाही. साफ करावं लागेल, डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये कामाचं काय काय आहे? मागे बँड वाजत होता, तुम्ही कुठेतरी हळदीला होतात. तुमचे शब्द मला पाठ आहेत: ‘फोटो तेवढा ठेव, बाकी बिनकामनं जे शे ते समदं पुसी टाक भो.’ मी पुन्हा विचारलं, समदं म्हणजे? तुम्ही म्हणालात, ‘तुले कयस ना, मंग?’

आता मला कळतं म्हणूनच मी कसं केलं ते सांगतो. इथे लिहिलेलं गावभर वाचलं जातं, आणि मी आंधळेपणाने कंट्रोल ए (म्हणजे सगळं एकदम निवडणं) करून डिलीट मारणारा माणूस आहे असं कोणाला वाटलेलं मला चालणार नाही. (कंट्रोल ए मी मारलं, ते कुठे आणि का, तेही सांगतो.)

आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. अर्धवट राहिलेलं एखादं इन्स्टॉलेशन रीस्टार्टनंतर आपल्या तात्पुरत्या फाइली शोधतं, त्या आधीच काढल्या तर ते लटकतं. मग डिस्क क्लीनअप, म्हणजे विंडोजचंच साफसफाईचं साधन, उघडलं. त्यात विंडोज अपडेटचा जुना गाळ होता, थंबनेल होते, त्यावर टिक केली. रिसायकल बिनची टिक मी स्वतः काढली, कारण आपल्याकडे कचऱ्याच्या डब्यात दागिने ठेवावेत तशा फाइली तिथे जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. डाउनलोडच्या फोल्डरला तर मी हातसुद्धा लावला नाही. २०१८ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोडचाही चौकोन आणून ठेवला होता. सगळ्या चौकोनांवर टिक करत जायची सवय असलेल्यांचं त्यात बरंच काही गेलं, आणि २०२० मध्ये तो चौकोन काढून टाकावा लागला. तेव्हापासून तिथे माझा हात आपोआप आखडतो. प्रीफेच नावाचं फोल्डर व्हिडिओ बघून पोरं रिकामं करतात, मी करत नाही. विंडोज ते पुन्हा भरतं आणि तोवर प्रोग्राम उलट उशिरा उघडतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करून स्पीड वाढवतो म्हणणारी सॉफ्टवेअरं माझ्या दुकानात वर्ज्य आहेत.

एवढ्याने १४ जीबी मोकळे झाले. तिथेच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मग मी टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं, फोल्डर उघडलं. विंडोजचं बटण आणि आर दाबायचं, टक्क्याचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, एंटर. हे फोल्डर म्हणजे मांडवामागची जागा. आचारी तिथे पातेली ठेवतो, द्रोणांचे गठ्ठे टाकतो, कार्य उरकल्यावर त्याने ती उचलून न्यावी ही अपेक्षा. प्रोग्राम ती उचलत नाहीत. तुमच्याकडे तिथे ८ जीबी साचलं होतं. इथे मी कंट्रोल ए केलं. ज्या फाइली वापरात आहेत त्यांना विंडोज हात लावू देत नाही, ‘स्किप’ विचारतं, तिथे स्किप केलं, जबरदस्ती केली नाही. बाकीच्या शिफ्ट धरून डिलीट केल्या, म्हणजे त्या बिनमध्येही गेल्या नाहीत. कारण बिन त्याच डिस्कवर असतो. कचरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवून घर मोकळं होत नाही.

तुमची यादी तिथे होती.

ती तिथे कशी गेली हे रिव्ह्यूमध्ये नाही, म्हणून सांगावं लागतं. सुरतहून तुमच्या भाच्याने ईमेलवर एक्सेल फाइल पाठवली, ४१२ नावांची. तुम्ही ती डाउनलोड केली नाही. ब्राउझरने ‘ओपन’ की ‘सेव्ह अॅज’ असं विचारलं, तुम्ही ‘ओपन’ दाबलं. तेव्हा ब्राउझर फाइल टेम्पमध्ये उतरवतो आणि तिथून उघडून देतो. त्यात तुम्ही चार रात्री बसून आपल्या बाजूची नावं भरलीत, दर वेळी सेव्ह केलंत, आणि एक्सेलच्या अलीकडच्या फाइलींच्या यादीतून रोज तीच उघडलीत. सेव्ह होत होतं हे खरं. पण मांडवामागे, आचाऱ्याच्या पातेल्यात. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं असं मी म्हणत नाही, चांगल्या चांगल्या शिक्षकांना ठाऊक नसतं. मी सात वर्षं एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेतल्या, दर बॅचला हे सांगायचो आणि दर बॅचला कोणीतरी तसंच करायचं. पण मग ते मला फोनवरून दिसायला हवं होतं का?

आणि नाना, गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी काय म्हणालो होतो ते आठवा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, वर चादर टाका आणि आहे तसा घेऊन या. तुमच्याकडे जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात डिलीट केलं की फाइल लगेच पुसली जात नाही, फक्त ती जागा रिकामी आहे अशी नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही बसलं नाही तोवर फाइल परत मिळायची आशा असते. एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात डिलीट केलेलं सहसा परत मिळत नाही) असती तर मी तेवढंही बोललो नसतो. तुम्ही आलात सोमवारी. मधल्या तीन दिवसांत नातवाने भलामोठा गेम टाकला होता. मी मोकळी करून दिलेल्या जागेत! पोराला रागावू नका, त्याचा काय दोष. पण मग रिकव्हरीत फाइलचं नाव सापडलं आणि आत सगळा कचरा निघाला, त्याचा दोष पूर्ण माझा कसा? त्या रिकव्हरीला मी रात्री दीडपर्यंत बसलो होतो. त्याचा एक रुपया घेतलेला नाही, हेही रिव्ह्यूमध्ये आलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझी चूक आहे तिथे आहे. मी विंडोज एक्सपीवर शिकलो तेव्हा डिस्क क्लीनअपमध्येच लिहिलेलं असायचं की आठवड्याहून अधिक काळ न बदललेल्या तात्पुरत्या फाइली निर्धास्त काढा. म्हणजे आठवड्याच्या आतल्या ठेवा. तारखेने लावून पाहिलं असतं तर चार दिवसांतली एक एक्सेल फाइल तिथे एकटी दिसली असती. मी ते केलं नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर होती, बाहेर सहा जण उभे होते. आणि फोनवर डेस्कटॉप विचारलं, डाउनलोड विचारलं, टेम्प विचारलं नाही. ते कोणीच विचारत नाही, पण नाही विचारलं. यापुढे आठ दिवसांच्या आतलं काही काढणार नाही, आणि काढण्याआधी कागदावर सही वगैरे घ्यायचं काहीतरी बघतो.

पण ‘सावध राहा’? नाना, हे दुकान १७ वर्षं आहे. तुमचा रिव्ह्यू एकतिसावा. त्या एका ताऱ्याने ४.८ चे ४.७ झाले, पुण्या-मुंबईच्या दुकानाला त्याने काही होत नसेल, इथे होतं. आज सकाळीच एक गिऱ्हाईक लॅपटॉप काउंटरवर ठेवता ठेवता मोबाइल बघून ‘येतो थोड्या वेळाने’ म्हणून गेलं. ज्या गावात १९४५ साली विप्रोची तेलाची गिरणी उभी राहिली, त्या गावात कॉम्प्युटरवाल्याने पोट भरणं सोपं असेल असं बाहेरच्यांना वाटतं. विप्रो कॉम्प्युटरकडे वळली, गावात कॉम्प्युटर आले ते आमच्यासारख्यांनी टेबलाखाली गुडघ्यावर बसून जोडले. तुमचाही मीच जोडला होता.

आणखी एक, आलंच आहे ओघात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसून म्हणालात, ‘नवीन खपाडाना शे का तुले?’ नव्हता खपवायचा. अजूनही नाही.

तारा बदला असं मी म्हणणार नाही. ‘न विचारता’ एवढं काढलंत तर उपकार होतील.

भाच्याच्या ईमेलमधली मूळ फाइल शाबूत होती, ती तुमच्यासमोरच उतरवून घेतली होती. ती ४१२ नावं मी आडनावांनुसार लावून, गावं वेगळी करून पेन ड्राइव्हमध्ये टाकली आहेत, एक प्रिंटही काढली आहे. तुमच्या बाजूची नावं तुम्ही सांगा, माझा पोरगा टाइप करेल, त्याचा हात चालतो. पेन ड्राइव्ह गल्ल्याच्या वरच्या खणात आहे, मी नसलो तरी मिळेल. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं, तेवढी वेळ सोडून या.