ऑडिट करावे नेटके

अभिनंदन! मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एमएस या आजाराच्या रुग्णांवर तुमच्या रुग्णालयात गाईडलाइनप्रमाणे उपचार होतात का, याचे ऑडिट तुमच्या गळ्यात पडले आहे. याचा अर्थ विभागात सगळ्यांत नवे तुम्ही आहात आणि सरांना परिषदेत लावायला पोस्टर हवे आहे. काळजीचे कारण नाही. थोडे भान ठेवलेत तर आकडा नव्वदच्या खाली येत नाही.

गाईडलाइन 'नाईस' या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेची घ्या, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. तिची पहिली आवृत्ती २००३ची, मग २०१४ची, मग २०२२ची. संगणकावर जी आधीच पडून आहे ती तुमची, बहुधा २०१४चीच असेल. नव्या आवृत्तीत गर्भधारणेच्या विचाराबद्दल रुग्णाशी वेळोवेळी बोला वगैरे लिहिले आहे. असल्या गोष्टी मोजायला बसलात तर हाती काय लागेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

निकष मात्र जपून निवडा. 'निदानासाठी एमआरआय केला होता का?' हा निकष सोन्यासारखा आहे. एमआरआयशिवाय एमएसचे निदान करायला आज कोणी धजावत नाही, तेव्हा शंभर टक्के कुठे गेले नाहीत. 'एमआरआय लिहून दिल्यापासून तो होईपर्यंत किती आठवडे गेले?' हा निकष कोणी सुचवलाच, तर 'पुढील टप्प्यात घेऊ' म्हणा.

निदानानंतर सहा आठवड्यांच्या आत जाणकार व्यक्तीशी समोरासमोर भेट, असे एक कलम आहे. ते अवघड वाटते, पण सगळी गंमत निदानाची तारीख कोणती धरायची यात आहे. एमआरआयच्या रिपोर्टची धरू नका, पाठीतल्या पाण्याच्या रिपोर्टची तर नकोच. केसपेपरवर आधी 'डिमायलिनेशन?', म्हणजे मज्जातंतूंचे आवरण झिजले का, असे प्रश्नचिन्हासकट लिहिलेले असते. प्रश्नचिन्ह गळून पडून 'एमएस' हा शब्द प्रथम उमटतो तो पुढच्या भेटीत, कधी सहा महिन्यांनी. तीच निदानाची तारीख. म्हणजे निदान आणि फेरभेट एकाच दिवशी! सहा आठवडे मर्यादा असताना तुमच्याकडे शून्य दिवस. पोस्टरवर हा आकडा ठळक छापा.

आता फायली. रेकॉर्ड रूममध्ये हाताला येतील त्या घ्या. अलीकडे येऊन गेलेल्यांच्या फायली वरच्या मांडणीवर असतात, आणि जे येतात त्यांचे सहसा बरे चाललेले असते. ज्यांचे पाय ताठरले, ज्यांना व्हीलचेअर लागली, ज्यांना ओपीडीच्या रांगेत दोन तास बसवत नाही, ते यायचे थांबले आहेत. त्यांच्या फायली खाली, भिंतीला लागून, गठ्ठ्यात. त्यांच्याकडे वाकू नका. ज्यांना तुमची सर्वांत जास्त गरज आहे ते छेदात आलेच नाहीत, तर टक्केवारी आपोआप निरोगी राहते. चुकून एखादी फाईल वर आलीच तर 'माहिती अपूर्ण' म्हणून वगळा. ते खोटेही नाही.

वर्षातून निदान एकदा सर्वांगीण तपासणी व्हावी, हे कलम टाळता येत नाही. लघवी, शौच, लैंगिक अडचणी, थकवा, मन:स्थिती, स्मरणशक्ती, ताठरपणा, पडणे, कातडीची अवस्था… विचारायला बसलात तर एका रुग्णात सकाळ संपेल. म्हणून छापील फॉर्म असतो आणि त्यावर बरोबरच्या खुणा. नीट पाहा: पहिली खूण जरा सावकाश केलेली, दुसरी तिरकी, तिसरीपासून पेन उचललेलेच नाही, शेवटपर्यंत एक लाटेसारखी रेघ गेली आहे. 'लघवीची तक्रार नाही' यावरूनही ती गेली आहे, आणि त्याच फायलीत मागच्या पानावर सिस्टरने कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलल्याची नोंद आहे. मागचे पान तुमच्या ऑडिटच्या कक्षेत येत नाही. ऑडिटचा नियमच असा की लिहिले नाही ते झाले नाही. यावरून जे लिहिले ते झाले, असे समजायला तुमची हरकत नसावी.

रिलॅप्सचे प्रकरण जरा नाजूक आहे. नवी किंवा बळावलेली लक्षणे चोवीस तासांहून जास्त टिकली, आणि त्यामागे ताप-संसर्ग नसला, तर तो रिलॅप्स. एमएसच्या रुग्णाला नुसत्या मूत्रसंसर्गानेही पाय उचलेनासे होतात. रिलॅप्सवर स्टेरॉइड देण्याआधी लघवी तपासा म्हणतात ते म्हणूनच. प्रत्यक्षात स्टेरॉइड संध्याकाळी सुरू होते, नमुना सकाळी जातो आणि कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या डोसनंतर येतो. वरातीमागून घोडे, पण घोडे आले ना? तक्त्यात रकाना ठेवा 'लघवी तपासली: होय/नाही'. 'केव्हा' हा रकाना ठेवू नका.

गाईडलाइन हे स्टेरॉइड, मेथिलप्रेडनिसोलोन, पोटातून द्यायला सांगते, रोज ०.५ ग्रॅम, पाच दिवस. शिरेतून द्यायचे ते गोळ्या पूर्वी लागू पडल्या नसतील, सोसल्या नसतील किंवा रुग्णाला दाखल करणेच भाग असेल तर. तुमच्याकडे सगळ्यांनाच सलाईन लागते? 'रुग्णाशी चर्चा करून निर्णय घेतला' हे वाक्य फायलीत शोधा. सापडेल. ते रबरी शिक्क्यातही येते.

रुग्णाला संपर्कासाठी एक ठरावीक व्यक्ती असावी, हेही एक कलम. रुग्णाच्या कार्डावर फोन नंबर छापला आहे का, तेवढे बघा. तो लावून बघण्याचा मोह आवरा.

टक्केवारी दशांशात द्या. सहापैकी पाच म्हटले की लोक सहावा कोण ते विचारतात, ८३.३३ टक्के म्हटले की माना डोलावतात. शिफारशींत 'जनजागृती', 'प्रशिक्षण' आणि 'फॉर्ममध्ये सुधारणा' हे तीन शब्द पुरेत. त्यांना पैसे लागत नाहीत आणि जबाबदारीही कोणाची ठरत नाही. एमएससाठी वेगळी परिचारिका नेमा, असे लिहिण्याइतके वाहवत जाऊ नका. प्रशासनाच्या टेबलावर त्या पानाचे काय होते ते सरांना अनुभवाने माहीत आहे. रुग्णांना विचारून पाहावे असेही कधी मनात येईल. पण ऑडिट वस्तुनिष्ठ असते आणि रुग्ण पडले व्यक्तिनिष्ठ.

राहिले री-ऑडिट. सुधारणा झाल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय ऑडिटचे चक्र पुरे होत नाही, म्हणून अहवालाच्या शेवटी 'एका वर्षाने' असे लिहा. तोवर तुमची बदली झालेली असेल. जागेवर येणाऱ्याला तुमची एक्सेल फाईल द्या, निदानाच्या तारखेची व्याख्या समजावून सांगा आणि फायली वरच्याच मांडणीवरून काढायला बजावा. पद्धत बदलली तर तुलना शास्त्रीय राहत नाही.