खासदार साहेब, आधी ओटीपी मागा

खासदार झालात, अभिनंदन! आज ना उद्या एखादं डिजिटल विधेयक समोर येणारच. घाबरू नका. तुमचा मोबाइल पीए सांभाळतो, ओटीपीही तोच सांगतो. एवढ्या अलिप्तपणे या विषयाकडे दुसरं कोण बघू शकणार?

आधी वेळेचं गणित शिका. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, म्हणून काही लगेच धावत सुटायचं नसतं. समितीच्या अहवालाची वाट बघायची, लोकांच्या डेटाच्या संरक्षणाचं विधेयक मांडायचं, संयुक्त समितीकडे धाडायचं, तिने 81 दुरुस्त्या सुचवल्या की 2022 मध्ये विधेयकच मागे घ्यायचं. मग एकदा हुक्की आली की आटपा भराभर. 3 ऑगस्ट 2023 ला नवं ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण’ विधेयक मांडलं, 7 ला लोकसभा, 9 ला राज्यसभा, 11 ला राष्ट्रपतींची सही. आमच्याकडे सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागायला याहून जास्त दिवस जातात.

हरकती-सूचना जरूर मागवा, पण आलेल्या सूचना उघड करायच्या नाहीत. लोक काय म्हणाले ते लोकांनाच कळू द्यायचं नाही. खासगीपणाची सुरुवात कुठून तरी करायला हवी ना!

‘सर्वसमावेशक’ हा शब्द भाषणात तीनदा आला पाहिजे. डेटा घेण्याआधी द्यायची संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत मिळेल, हे ठासून सांगा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळता येतं, हे एका भाषेतही सांगू नका.

खरी कारागिरी याच कायद्याच्या कलम 44 मध्ये आहे, ती शांतपणे बघा. महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी माहिती अधिकाराचा कायदा केला; त्यासाठी अण्णा हजारेंनी मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केलं. त्या अधिकारात ‘वैयक्तिक माहिती’ नाकारायलाही अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच, आणि व्यापक जनहित असेल तर द्यायचीच. या कलमाने त्या अटी काढल्या. जनहिताचं एक वेगळं पोटकलम अजून शिल्लक आहे म्हणतात. ते अर्जदाराने अपिलात दाखवत बसावं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये गंमत बघा: हा बदल ताबडतोब लागू, आणि तुमचा-आमचा डेटा राखायच्या कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवड. अधिकाऱ्याची अब्रू आधी सांभाळावी, आमच्या डेटाला काय, तो आधीच गावभर झालेला आहे.

राज्यात काही करायचं असेल तर लाडकी बहीण योजनेची 2025 मधली ई-केवायसी डोळ्यांपुढे ठेवा. बाईचं आधार पुरत नव्हतं, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागायचा. नवरा ऊसतोडीला, फोन त्याच्या खिशात. दोघेही वारले असतील तर ओटीपी कुठल्या टॉवरवर यायचा, हा प्रश्न पोर्टल सुरू झाल्यावर विचारायचा असतो, आधी नाही. मग मुदतवाढ द्या. तिची बातमी छान होते, फोटोसकट.

आणि रेशन दुकानात एकदा जाऊन या, पण पंधरा मिनिटांवर थांबू नका. कांदालागणीने आजीच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे मशीनवर थम लागत नाही. दुकानदार म्हणतो, “आजी, हात धुऊन या.” ती तिसऱ्यांदा हापशावर गेली आहे. तोवर तुम्ही समोरच्या डिजिटल सेवा केंद्राची फीत कापून घ्या.