दारात पाच थडगी आणि लक्ष्मीपूजन

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगचं गणपतीचं मखर सलग 3 वर्षं मी केलंय, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काय झालं ते सगळं ह्या एका माजामुळे झालं.

गोष्ट 2024 च्या ऑक्टोबरमधली, एडिसन, न्यू जर्सी. हॅलोविन जवळ आलेलं, म्हणजे 31 ऑक्टोबरचा तो सण, ज्यात घरं भुताखेतांनी सजवतात आणि पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात. समोरच्या घरात 12 फुटी सांगाडा उभा राहिला, त्याच्या शेजारी कोळ्यांची जाळी लागली, आणि आमची कन्या शाळेतून येऊन म्हणाली, बाबा आपल्या यार्डात फक्त पानं आहेत. दुकानात गेलो तर रेडिमेड थडगी होती, पापडाएवढी जाड, खाली खोचायला प्लास्टिकच्या 2 काड्या, आणि किंमत मी सवयीप्रमाणे 84 ने गुणली आणि तिथेच म्हणालो, ह्यॅ, हे तर मी घरी करीन. बायकोने एक शब्द काढला नाही. लग्नाला 14 वर्षं झाली की बायका शब्द काढत नाहीत, नुसत्या बघतात.

घरांच्या भिंतीत घालतात तो गुलाबी इन्सुलेशनचा फोम आणला, 4 बाय 8 फूट, 2 इंच जाड. एक शीट म्हणजे वजन काहीच नाही, पण गाडीच्या टपावर बांधून 30 च्या वर स्पीड नेला की ती शीट विमान होते, त्यामुळे मी एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने खिडकीतून शीट धरून आलो. येताना विचार करायला हवा होता की हे जर गाडीवर उडतंय तर यार्डात काय करेल. नाही केला.

फोम मात्र काय सुंदर वस्तू आहे! आपला थर्माकोल कापला की साबुदाण्यासारखे मणी सुटतात आणि गौरी जाईपर्यंत ते सोफ्याखाली सापडत राहतात. हा कापला जातो खरवसासारखा. 2018 ला महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ह्या हातांना काम नव्हतं, ते असे सुटले म्हणता, 2 फूट बाय 3 फुटाचे 5 दगड एका दुपारी. वरती कमान, कडेला तडे, सोल्डरिंग आयर्नने अक्षरं. (हे गॅरेजचं दार उघडून करा, तो धूर नाकात बसला की दोन दिवस वरणसुद्धा प्लास्टिकचं लागतं.) अक्षरं कन्येने सुचवली: "इथे विसावलंय बाबांचं डाएट, जन्म 2 जानेवारी, मृत्यू 3 जानेवारी." मग राखाडी स्प्रे पेंटचा डबा घेतला आणि जोरात फुस्स केलं.

आता बघा, ऑइल पेंट थर्माकोल खातो हे डोंबिवलीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, मखराचा एक अख्खा खांब मी स्वतः असा घालवलाय. पण हा गुलाबी होता ना. मला वाटलं गुलाबीला चालत असेल. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने माझ्या डोळ्यासमोर दगडाला देवी आल्यासारखे खड्डे पाडले, डाएटचं फक्त "डा" राहिलं. गंमत म्हणजे तोच दगड सगळ्यात जुनापुराणा दिसायला लागला. बाकीच्या चारांना मुकाट्याने पाण्यातला रंग, त्यावर तळघराच्या भिंतींना लावतात तो रेतीसारखा खरखरीत वॉटरप्रूफ पेंट, आणि मग काळ्या रंगाचं पातळ पाणी वरून ओघळू दिलं, पावसाच्या डागांसारखं.

आणि मग आई बाहेर आली.

आई सहा महिन्यांसाठी आलेली. ती चहाचा कप घेऊन पाचही दगडांसमोरून फिरली आणि म्हणाली, "अरे, सर्वपित्री 2 तारखेला झाली. ह्यांचे पितर महिनाभर उशिरा येतात का?" मी म्हटलं आई ही गंमत असते. ती म्हणाली, "असू दे. लक्ष्मीपूजन कधीय?" मी कॅलेंडर बघितलं आणि गप्प बसलो. 31 ऑक्टोबर. त्याच संध्याकाळी.

तो विषय तात्पुरता बाजूला ठेवला कारण त्या रात्री वारं सुटलं. दगड मी बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्यांवर खोचले होते, मागे एकेक वीट. सकाळी विटा जागेवर होत्या. तीन दगड झुडपात, एक शेजाऱ्याच्या गाडीखाली, आणि "डा" वाला गेला थेट पलीकडच्या आजोबांच्या पायरीवर. त्यांचं वय 80 च्या पुढे. मी मेल्याहून मेल्यासारखा तो परत आणायला गेलो तर आजोबा दारात उभे राहून थडग्याकडे बघत म्हणाले, "थँक यू, पण मला अजून थोडा वेळ आहे."

त्यांनीच मग उपाय सांगितला. दगडाच्या पाठीत खाच पाडून अर्धा इंची पीव्हीसी पाइप चिकटवायचा (फोमला चालतो तोच गोंद, नाहीतर परत देवी), जमिनीत दोन फुटी सळई ठोकायची, बांधकामाची, तीन अष्टमांश इंचाची, आणि दगड वरून टोपीसारखा घालायचा. मी काटकसर म्हणून दगडाला एकच सळई लावली. दगड उडला नाही, फिरला. रोज सकाळी पाचही थडगी रस्त्याकडे पाठ करून उभी, रुसलेल्या जावयांसारखी. म्हणजे प्रत्येकी दोन. म्हणजे दहा सळया.

आणि अमेरिकेत आपल्याच अंगणात सळई ठोकायची तर आधी 811 ला फोन करायचा, न्यू जर्सीत निदान 3 कामाचे दिवस अगोदर. फुकट असतं. पहिल्या पाच सळया मी कुणाला न विचारता ठोकल्या होत्या, हे कळल्यावर जरा घाम फुटला. मग माणूस येऊन खालून काय काय गेलंय त्यावर झेंडे लावून गेला, विजेला लाल, गॅसला पिवळे, पाण्याला निळे, केबलला केशरी. आईने लगेच मावशीला व्हिडिओ कॉल लावला, "अगं बघ, सरकारी माणूस येऊन पताका लावून गेला, दिवाळीच्या."

एडिसनची माती लाल. बघून कोकण आठवतं, पण वीतभर खाली गेलं की शेल लागतो, लाल खडक, आणि सळई टण्ण करते. दोन शनिवार गेले. खांदा गेला. पण दहाही सळया एकेक फूट आत गेल्या, आणि नंतरच्या वाऱ्यात समोरचा सांगाडा वाकला तरी माझे दगड ढिम्म.

31 ला आईने आज्ञा केली की लक्ष्मीच्या वाटेत थडगं नको. पण सळया तर हलायला तयार नाहीत. शेवटी तिने रांगोळीची पावलंच वळवली, फुटपाथवरून निघून डाएटला वळसा, मग दोन दगडांच्या मधून, मग पायरी. प्रत्येक वळणाला पणती. पोरं आली, ड्रॅक्युला आले, दोन स्पायडरमॅन आले, आणि सगळी शहाण्यासारखी त्या पावलांवरून उड्या मारत दाराशी. एक आई मला म्हणाली, हा भुताच्या पावलांचा इफेक्ट फारच मस्त झालाय. मी आईला भाषांतर करून सांगितलं नाही.

नोव्हेंबरात दगड काढून गॅरेजमधे ठेवले. सळया निघेनात. पकडीने पिळल्या, पाणी ओतलं, शिव्या दिल्या. कुणाला लागू नये म्हणून टोकांवर जुने टेनिस बॉल खोचले, तर यार्डात दहा हिरवी मश्रूम उगवल्यासारखं दिसायला लागलं. बायको परत नुसतं बघत होती.

आईने मात्र त्यातल्या चार हेरल्या, पुढच्या दगडाच्या दोन आणि मागच्याच्या दोन, बरोब्बर चौकोन. तुळशीच्या लग्नाला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून ऊस आणला, चारी सळयांना सुतळीने बांधला, आणि थंडीमुळे घरात घेतलेली तुळस तासाभरासाठी शाल गुंडाळून मधे आणून ठेवली. मांडव असा घट्ट की डोंबिवलीच्या डेकोरेटरने मान खाली घालावी.

आम्ही मंगलाष्टकं म्हणत होतो तेवढ्यात पलीकडचे आजोबा कुत्रं घेऊन आले. थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, नाही नाही, लग्न आहे.

त्यांनी शालीतल्या कुंडीकडे बघितलं. "ही नवरी?"

हो.

"आणि मुलगा?"

आईला एवढं इंग्रजी कळतं. तिने ताम्हनातला बाळकृष्ण उचलून दाखवला आणि त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या.