‘एमआयडीसी येतेय, दोन गुंठे घेऊन ठेवा’: एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पंधरवड्यात तोच संदेश मला चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला. पाचव्या वेळी तो माझ्या धाकट्या मामांकडून आला आणि त्याखाली त्यांनी विचारले होते, ‘इसार देऊन टाकू का?’ मामा एसटीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या फंडाचे पैसे अजून बँकेतच आहेत, हे संदेश पाठवणाऱ्या एजंटालाही पक्के ठाऊक आहे.

संदेशात म्हटले आहे की चाकणच्या पुढे नवे औद्योगिक क्षेत्र येत असून कलम ३२(२) ची नोटीस निघाली आहे, म्हणजे जमीन सरकारने घेतल्यातच जमा आहे. भरपाई चालू भावाच्या पाचपट मिळणार असल्याने शिक्का पडलेल्या, म्हणजे सातबाऱ्यावर संपादनाचा शेरा आलेल्या गटातले दोन गुंठे नोटरीवर घेऊन ठेवावेत, किंवा शेजारची जमीन घ्यावी, कारण ‘हिंजवडीचे काय झाले ते बघा’. शेवटी एमआयडीसीतला भूखंड कायमचा मालकीचा होतो, असेही एक आश्वासन आहे. ते आधी निकालात काढतो. एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, आणि हे महामंडळ उद्योजकांना भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते.

आता कलम ३२ पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ हा कायदा कोणालाही वाचता येतो, पण तो वाचण्याची तसदी हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही घेतलेली दिसत नाही. या कलमातला क्रम गंमतीचा आहे, कारण पोटकलम (२) आधी घडते आणि (१) नंतर. ३२(२) ची नोटीस म्हणजे ‘तुमची जमीन का घेऊ नये, ते सांगा’ अशी जमीनधारकाला केलेली विचारणा असते. त्यावर हरकती येतात, सुनावणी होते, आणि त्यानंतर शासनाची खात्री पटली तरच ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. जमीन शासनाकडे निहित होते, म्हणजे शासनाच्या मालकीची होते, ती त्या दिवशी. पहिल्या नोटिशीनंतर दुसरी निघेलच, असे कायदा कोठेही म्हणत नाही.

दोन्हींच्या मधल्या काळात काय होते, ते मामांना एजंटानेच पाठवलेल्या सातबाऱ्याच्या छायाचित्रात दिसले. ‘इतर हक्क’ या रकान्यात संपादनाचा शेरा होता. गावाकडे यालाच शिक्का पडणे म्हणतात, आणि एकदा तो पडला की जमीन धड विकता येत नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही आणि सरकारी पैसेही आलेले नसतात. पुणे जिल्ह्यातले शेतकरी ‘शिक्के उठवा’ म्हणून वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात, ते हौसेने नव्हे. ज्या शेऱ्यामुळे मूळ मालक अडकला आहे, तोच शेरा एजंट मामांना गुंतवणुकीची हमी म्हणून दाखवत होता, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

पाचपट भरपाईचा दावा हा अर्धसत्याचा नमुना आहे. २०१८ च्या राज्य दुरुस्तीनंतर एमआयडीसीच्या संपादनालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी लागू होतात, आणि ग्रामीण भागात बाजारमूल्याला १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणून तेवढीच रक्कम वर ‘दिलासा’ म्हणून दिली जाते. झाडे, विहीर व इतर बाबी सोडल्या, तर मोबदला फार तर चौपट होतो, हे मान्य. मात्र हे बाजारमूल्य चहाच्या टपरीवर बोलला जाणारा भाव नसते. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला दर आणि आधीच्या ३ वर्षांतील नोंदणीकृत दस्तांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी यांतील जास्त रक्कम धरली जाते, आणि फुगवून लावलेली किंमत वगळण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो. समजा, दस्त गुंठ्याला २ लाखांनी झालेले आहेत आणि एजंट मामांकडून ८ लाख मागतो आहे. गुणक २ धरला तरी मोबदला ८ लाखच होईल, आणि तोही काही वर्षांनी. गुणक १ लागला, तर ४ लाख. वाटाघाटीने अधिक दर ठरू शकतो, हेही खरे, परंतु ती बोलणी आणि ते पैसे अभिलेखात ज्याचे नाव आहे त्याच्यासाठी असतात. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, कारण शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीच्या जमिनीच्या विक्रीला नोंदणीकृत दस्तच लागतो.

हिंजवडीचा दाखला मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. आयटी पार्कमुळे भोवतालच्या जमिनींचे भाव आकाशाला भिडले आणि ज्यांनी वेळेत घेतल्या ते सुखी झाले. तरीही औद्योगिक क्षेत्राचे नियोजन महामंडळाकडे, बाहेरच्या विस्ताराचे पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि गावातले पाणी-कचरा ग्रामपंचायतीकडे, अशी वाटणी तेथे वर्षानुवर्षे राहिली. परिणामी माण-मारुंजीच्या बाजूला टोलेजंग सोसायट्या टँकरची वाट पाहत उभ्या आहेत. पार्क १९९०च्या दशकाच्या अखेरीचे, पण शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मधली. शेजारची शेती ‘लगेच रहिवासी झोनमध्ये जाते’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की पीएमआरडीएचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा शासनाने २०२५ मध्ये रद्द केला, आणि त्यातले झोनचे रंग पाहून ज्यांनी जमिनी घेतल्या ते आज पुन्हा नकाशाची वाट पाहत आहेत.

मामांना मी हे सगळे ऐकवले नाही. नोंदणीकृत खरेदीखत आपल्या नावाने कधी करून देणार, एवढेच एजंटाला विचारा, असे सुचवले. ‘काका, ते नंतर बघू, आधी इसार पाठवा,’ असे उत्तर आले. मामांनी तो निरोप मला पाठवला, पण इसार पाठवलेला नाही.