वहिनींनी आज 14 लाईफ जॅकेट मोजून परत दिली

सकाळी घराचा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेलो होतो. तिथून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

जानेवारी 2021 ला निवडून आलेल्या आमच्या सदस्यांची 5 वर्षं संपली. आमच्या वॉर्डातल्या वहिनी (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) समाजमंदिराची किल्ली आणि पुराच्या वेळची लाईफ जॅकेट जमा करायला आल्या होत्या. एकेक मोजून टेबलावर ठेवलं. 14. "ह्यातल्या एकाचा पट्टा तुटलाय, पावसाळ्याआधी नवीन घ्या," म्हणाल्या. समोरच्यानं मान वर न करता "ठेवा तिथं" म्हटलं. वहिनींनी किल्ली ठेवली, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेल्या. 5 वर्षांचा कारभार असा संपला. एक नारळ नाही, एक फूल नाही, "बसा, चहा घ्या" नाही. आणि मीही उताऱ्याच्या रांगेत गप्प उभा राहिलो, त्याचा राग सगळ्यात जास्त आलाय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. जुलै 2021 चा पूर इथल्या कुणाला सांगायला नको. वहिनी निवडून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, त्यात कोरोना. मी पुण्यात अडकलेला, घरी फक्त आई आणि आजी. 22 तारखेपासून पाऊस थांबेना, कोयनेतून पाणी सोडणार म्हणून दवंडी झाली, आणि आजी हटून बसली. म्हस गाभण होती, तिला सोडून जायला तयार नाही. बोटीचं नाव काढलं की थरथरायची, कारण 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती बातमी तिच्या मनातून गेलीच नव्हती. म्हणजे रस्ता पाण्याखाली जायच्या आत चालतच निघायला हवं होतं, आणि म्हातारी गोठ्यात म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसलेली.

मी फोनवर होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. आई रडत होती. तेवढ्यात वहिनींचा आवाज आला, "आज्जी, दावं माझ्या हातात द्या. म्हस मी आणते. तुम्ही फकस्त माझ्या मागनं या." आणि ती बाई गुडघाभर पाण्यातून गाभण म्हस हळूहळू ओढत, मागे माझी आजी आणि आई, अशी उंचावरच्या शाळेपर्यंत गेली. तिथं तिघींना आणि म्हशीला सोडून... नाही, दोघींना आणि म्हशीला सोडून परत वॉर्डात गेली. अजून घरं राहिली होती. त्यानंतर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 54 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 आहे. आमच्या गोठ्याचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं.

आणि आज दुपारी गावच्या ग्रुपवर काय? "सुटलो एकदाचे." "5 वर्षांत काय केलं?" त्यावर अंगठे.

विचारताय ना, मग ऐका. पूर ओसरल्यावर चिखलात घरोघर फिरून पंचनाम्यातून कुणाचं नाव राहिलंय ते बघत कोण फिरलं? नळाला पाणी आलं नाही की पहाटे पाचला कुणाच्या दारात जाऊन ओरडत होता? सदस्याला मानधन नसतं, माहीत आहे का? सभेला गेलं तर भत्ता, बस्स. सरपंचांना आहे, तेही 2024 ला दुप्पट झालं तेव्हा आमच्याएवढ्या गावाला 4 हजारांचं 8 हजार झालं. यात घर चालतं का कुणाचं? वर, उमेदवारी भरताना त्यांना थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागला होता. ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी आधी आपली घरपट्टी भरलीय का बघावी.

हो, सगळे सदस्य असे नव्हते. काहींनी ठेकेदाराशी संगनमत केलं, काही बाईंच्या जागी नवराच सभेला बसायचा. मान्य. त्यांना कुणी हार घाला म्हणत नाही.

पण मी स्वतः काय केलं तेही लिहितो. 2023 च्या उन्हाळ्यात आमच्या दारातल्या गटाराचा फोटो ग्रुपवर टाकून मी वहिनींचं नाव घेऊन लिहिलं होतं, "झोपलाय का?" पुण्यात बसून. ज्या बाईनं माझी आजी पाण्यातून काढली तिला मी हे लिहिलं. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी आईकडे येऊन कागद दाखवला की गटार त्या वर्षीच्या गावच्या विकास आराखड्यातच नव्हतं, आराखड्यात नसलं तर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही, पुढच्या ग्रामसभेत पहिलं नाव घालते. घातलं. गटार झालं. अर्धं झालं, पुढचं अर्धं अजून उघडं आहे, तेही खरं. मी मात्र ग्रुपवर "झालं" असं एकदाही लिहिलं नाही.

निवडून आले की आपण गुलाल उधळतो, रात्रभर डीजे वाजवतो. तेव्हा त्यांनी अजून काहीच केलेलं नसतं. आणि काम करून उतरतात त्या दिवशी रस्त्यात ओळख दाखवत नाही. शाळेतल्या गुरुजींची बदली झाली तरी आपण शाल देतो, गहिवरून भाषणं करतो. मग ज्या 11 जणांनी गावाच्या शिव्या खाल्ल्या त्यांच्यासाठी एक शाल जमत नाही? पैसे मी देतो. पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळात सगळ्यांना बोलवू. ज्यांना त्यातल्या एखाद्याचा राग आहे त्यांनी येऊ नये, पण आडवंही येऊ नये.

आजी मागच्या वर्षी गेली. घरात, अंथरुणावर, सगळी माणसं भोवती असताना. त्या म्हशीला पुरानंतर रेडी झाली होती. ती रेडी परवा पहिल्यांदा व्याली. आईनं खरवस केलाय आणि आत्ता डबा भरून वहिनींकडे निघालीय. पोस्ट टाकतो आणि मीही जातो तिच्याबरोबर. सकाळी रांगेत जे म्हणायला हवं होतं ते त्यांच्या उंबऱ्यात म्हणतो.